आईचा अंगठा आणि ५,१०० रुपये

‘मावशी, बोट केसांवरून फिरवा आणि परत ठेवा.’ हे वाक्य मी तीन दिवसांत इतक्या वेळा ऐकलं की आता झोपेतही म्हणेन.

सप्टेंबर २०२५ च्या पुरात सीना नदीचं पाणी आमच्या रानात शिरलं. आमच्या पावसापेक्षा वरून, अहिल्यानगर-धाराशिवकडून आलेलं पाणीच जास्त. लांबोटीजवळ पुणे हायवे बंद, मी सोलापुरात अडकलेला, गावात भाऊ एकटा. नदीवरची मोटर त्याने आदल्या रात्रीच काढून घेतली म्हणून वाचली. सोयाबीन मात्र गेलं. पंचनामा झाला, भरपाईच्या यादीत आईचं नाव आलं, व्हीके नंबर म्हणजे यादीतला विशिष्ट क्रमांक मिळाला. इथवर कुणाचीच तक्रार नाही.

मग केवायसी, म्हणजे पैसे मिळण्याआधी सेवा केंद्रात आधारवरून ओळख पटवायची. रान आईच्या नावावर. आईने उमेदीची पंचवीस वर्षं विड्या वळल्या. पानाचं टोक नखाने मुडपायचं, दोरा गुंडाळायचा, दिवसभर तेच. बोटं गुळगुळीत झालीत, भाकरीच्या तव्यासारखी. यंत्राला त्यात काही दिसेना. आधी उजवा अंगठा, मग डावा, मग दहाही बोटं. साबणाने धुऊन झालं, खोबरेल लावून झालं. केंद्रातला पोरगा म्हणाला, ‘सर्व्हर डाऊन असेल, उद्या या.’ दुसऱ्या दिवशी सर्व्हर ठीक होता, बोटंच डाऊन होती. मागे रांगेत वीस-पंचवीस माणसं, सगळी चिखलातून आलेली, आणि आई मान खाली घालून बोट पदराला पुसतेय. मला त्या पोराचा राग आला. नंतर कळलं, ओटीपीचा पर्यायही होता. त्याने तो सांगितला नाही आणि मीही विचारला नाही. तुम्ही विचारा. पहिल्याच दिवशी विचारा.

पण ओटीपी जाणार कुठे? आधारला जोडलेला नंबर वडिलांचा, ते जाऊन सहा वर्षं झाली, सिम केव्हाच बंद. नंबर बदलायचा तर आधार केंद्रात जायचं. तिथे परत बोटं मागतात या भीतीने मी आईला न्यायलाच तयार नव्हतो. गेल्यावर तिथल्या बाईंनी डोळ्यांचं यंत्र पुढे केलं. ‘आजी, इकडं बघा.’ झालं. ७५ रुपये आणि एक पावती. नवा नंबर लागायला काही दिवस गेले, मग ओटीपी आला आणि दोन मिनिटांत केवायसी संपली.

हो, पैसे ज्या खात्याला आधार जोडलंय तिथेच पडतात, पासबुक कुठलंही दाखवा. आईचे एका विसरलेल्या खात्यात गेले. आधारच्या संकेतस्थळावर खातं कुठलं जोडलंय ते आधी बघून घ्या. आणि पाणी ओसरल्यावर साफसफाईआधी रानाचे फोटो काढा, मागे ओळखीचं झाड किंवा विहीर येऊ द्या.

किती मिळाले म्हणाल तर साठ आर जिरायत, हेक्टरी ८,५०० च्या दराने ५,१००. माझ्या रजा आणि एसटी धरली तर हिशोब न केलेलाच बरा.

खरी चीड पुढे आहे. नंबर जोडला गेल्यावर भावाने आईचा शेतकरी आयडी, म्हणजे शेतकऱ्याचा सरकारी ओळख क्रमांक काढला, घरबसल्या, दहा मिनिटांत. ज्यांचा आयडी आधीच काढलेला होता, त्यांना या वेळी केवायसी लागलीच नव्हती.