निळा घुमट नसलेला ग्रीस

ग्रीस म्हटलं की सांतोरिनीचा निळा घुमट. टूर कंपन्यांनी तो आपल्या डोक्यात इतका पक्का बसवलाय, की आरिस कॉन्स्टंटिनिडिस या ग्रीक आर्किटेक्टचे फोटो आणि रेखाटनं मांडलेल्या दालनात शिरल्यावर आधी चुकामूक झाल्यासारखंच वाटतं. इथे काय, तर गडगे. डोंगरउतारावर नुसते दगडावर दगड रचलेले. मग एक गोल फरसबंद खळं. चुना फासलेला जिना. कुठल्याशा बेटावरचं बुटकं प्रार्थनाघर. माणसं जवळजवळ नाहीतच.

हा गृहस्थ 1913 साली अथेन्समध्ये जन्मला, म्युनिकला शिकला. 1957 ते 1967 ग्रीसच्या सरकारी पर्यटन संस्थेत ‘झेनिया’ हॉटेलांची आखणी त्याच्याकडे होती. म्हणजे पर्यटकांची सोय बघणं हा पोटापाण्याचा उद्योग, आणि पर्यटक ज्यांच्याकडे ढुंकूनही बघणार नाहीत अशा भिंतींचे फोटो काढत हिंडणं ही हौस. मला हे भारी आवडलं.

एका गडग्यासमोर मी चांगलीच रेंगाळले. खाली थोराड दगड, वर बारके, फटींमध्ये बुजवायला चिपा. वरच्या कडेवर ऊन इतकं कडक की दगड पांढराफटक, आणि फटी काळ्याकुट्ट. मागच्या टेकडीवर तसलेच दगड सुटे पडलेले. रचलेला कुठे संपतो आणि पडलेला कुठे सुरू होतो, ते सांगता येईना. उंचीचाही पत्ता लागेना. शेजारी एखादी म्हातारी, निदान गाढव तरी उभं करायचं की नाही!

मापं कळतात ती रेखाटनांत. अथेन्सच्या आग्नेयेला, अनाव्हिसोसच्या किनाऱ्यावर त्याने 1962 ते 64 दरम्यान सुट्टीत राहायचं एक छोटं घर बांधलं. जाड दगडी भिंती, वर सपाट काँक्रीटचा स्लॅब, आणि समोर ना धड घर ना धड अंगण अशी सावलीची जागा. आपल्या कोकणातली पडवीच ती, कौलं तेवढी नाहीत. नकाशात चार बाय दोन मीटरच्या चौकटी पडलेल्या दिसतात आणि लक्षात येतं, अरे, हा तर मघाचाच गडगा, आता शिस्तीत उभा. फोटो काढत हिंडणं म्हणजे याचा गृहपाठ होता तर.

आंद्रोस बेटावरचं झेनिया हॉटेल 1958 सालचं. पुढे ते कित्येक वर्षं ओस पडून राहिलं. गडग्याचा दगड निखळला तर शेतकरी जाता जाता उचलून परत बसवतो. हॉटेलाचा स्लॅब गळायला लागला की टेंडर काढावं लागतं, आणि ती फाइल ग्रीसमध्येही आपल्यासारखीच चालत असणार.