ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात चौघांसाठी एक अ‍ॅक्सेस

चार-पाच माणसांच्या ऑफिसला डेटाबेस करायचा म्हटलं की हल्ली कुणीतरी लगेच क्लाउडचं पॅकेज सुचवतं, माणशी महिन्याला इतके रुपये, आणि मालक ते ऐकून परत एक्सेलच्या शीटवर जातो. मला मनापासून वाटतं की अशा ऑफिसला मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस अजूनही चांगलं काम देतं, १९९२ पासूनचं सॉफ्टवेअर आहे, सगळे खाचखळगे माहीत झालेले आहेत. फक्त ते सुरुवातीलाच नीट मांडायला हवं, आणि तेच कुणी करत नाही.

माझ्या मामांचं इचलकरंजीत ट्रान्सपोर्टचं ऑफिस आहे, कापडाच्या गाठी भिवंडीला जातात. बुकिंगच्या खिडकीवर एकजण एलआर (लॉरी रिसीट, म्हणजे माल पाठवल्याची पावती) बनवतो, गोदामातला मुलगा गाठी मोजून गाडी नंबर टाकतो, अकाउंटवाल्या ताई पेड (भाडं आधीच भरलेलं), टू पे (माल घेणारा भरणार) बघतात आणि मामा संध्याकाळी कुणाकडे किती भाडं राहिलंय ते बघतात. म्हणजे चार कॉम्प्युटर, आणि शेअर फोल्डरमधली अ‍ॅक्सेसची एकच फाइल चौघंही शॉर्टकटवरून उघडत होते. ती फाइल अधूनमधून बिघडायची, मग रिपेअर, मग दोन-चार एलआर गायब, मग सगळे एकमेकांवर खेकसणार.

हे असं का होतं ते समजलं की पुढचं सगळं सोपं आहे. मोठ्या डेटाबेसमध्ये सर्व्हर हा मुनीम असतो, वही त्याच्याच हातात, बाकीच्यांनी फक्त सांगायचं. अ‍ॅक्सेसमध्ये मुनीमच नाही, चौघंही नेटवर्कवरून थेट त्याच वहीत लिहितात. कोण कुठे लिहितंय याची नोंद फाइलच्या शेजारी आपोआप बनणाऱ्या एलएसीसीडीबी नावाच्या छोट्या लॉक फाइलमध्ये असते, बस्स. त्यामुळे लिहिता लिहिता एकाचं कनेक्शन तुटलं तर फटका चौघांना.

म्हणून पहिलं काम म्हणजे फाइल तोडायची. डेटाबेस टूल्समध्ये स्प्लिट करायचा विझार्ड आहेच, त्याने टेबलं, म्हणजे सगळा डेटा, एका फाइलमध्ये जातात (बॅक एंड) आणि माहिती भरायचे फॉर्म, शोधायच्या क्वेरी, छापायचे रिपोर्ट दुसऱ्या फाइलमध्ये राहतात (फ्रंट एंड). बॅक एंड शेअर फोल्डरमध्ये, आणि फ्रंट एंडची वेगवेगळी कॉपी प्रत्येकाच्या स्वतःच्या सी ड्राइव्हवर. ही वेगवेगळ्या कॉपीची गोष्ट लोक विसरतात, स्प्लिट करतात आणि फ्रंट एंड पुन्हा शेअरमध्येच ठेवून चौघांना तीच उघडायला लावतात, मग काय उपयोग! टेबलं लिंक करताना झेड ड्राइव्ह वगैरे वापरू नका, कॉम्प्युटरच्या नावाने सुरू होणारा पूर्ण पाथ द्या, नाहीतर एखाद्याच्या मशिनवर ड्राइव्हचं अक्षर बदललं की लिंक तुटते. आणि फोल्डरवर सगळ्यांना नुसतं वाचायचं-लिहायचं नाही तर फाइल बनवायची आणि पुसायची पण परवानगी लागते, कारण ती लॉक फाइल रोज बनते आणि शेवटचा माणूस बाहेर पडला की पुसली जाते.

खर्चाचं म्हणाल तर पूर्ण अ‍ॅक्सेस फक्त फॉर्म बनवणाऱ्याला लागतं, बाकीच्यांना अ‍ॅक्सेस रनटाइम (बनवलेले फॉर्म नुसते चालवणारं सॉफ्टवेअर) चालतं आणि ते फुकट आहे. वेगळा सर्व्हर पण नको, विंडोज ११ चा साधा डेस्कटॉप एका वेळी २० कनेक्शनपर्यंत फाइल शेअर करू देतो.

नेटवर्क मात्र वायरचंच. वायफायवर अ‍ॅक्सेस नको म्हणजे नकोच, लॅपटॉप उचलून गोदामात गेलात की कनेक्शन क्षणभर जातं आणि फाइल बिघडायला तेवढं पुरतं. आणि एक गोष्ट फार कमी लोक बघतात, कॉम्प्युटरला यूपीएस असतो पण नेटवर्कचा छोटा स्विच साध्या प्लगवर लटकत असतो, वीज क्षणभर गेली की चारही कॉम्प्युटर चालू आणि स्विच बंद! मामांकडे स्विच यूपीएसवर घेतला आणि फाइल बिघडायचं जवळजवळ थांबलंच.

आता एलआर नंबर. त्याला ऑटोनंबर (अ‍ॅक्सेस आपणहून देतं तो नंबर) लावायचा मोह होतो, लावू नका. कुणी नवीन एलआर सुरू करून अर्धवट सोडला तरी तो नंबर खर्ची पडतो आणि मधले नंबर सुटतात, मग तपासणीला ३४१ नंतर ३४३ कसा याचं उत्तर कोण देणार. जीएसटीच्या बिलाला तर सलग नंबर लागतोच, १६ अक्षरांच्या आत आणि त्या आर्थिक वर्षात पुन्हा न येणारा. ऑटोनंबर आतल्या ओळखीसाठी ठेवा, आणि छापायचा नंबर सेव्ह करायच्या अगदी शेवटच्या क्षणी द्या, म्हणजे फॉर्मच्या बिफोर अपडेटमध्ये (सेव्ह व्हायच्या आधी चालणारा कोड) सगळ्यात मोठा नंबर शोधून अधिक एक. शिवाय टेबलमध्ये त्या फील्डला युनिक इंडेक्स हवाच, म्हणजे तोच नंबर दोनदा जाणार नाही. दोघांनी एकाच सेकंदाला सेव्ह केलं तर एकाला ३०२२ एरर येईल, ती कोडमध्ये पकडून पुन्हा नंबर घ्यायचा, खिडकीवरच्या माणसाला काही कळत पण नाही.

दोघांनी एकच एलआर उघडला तर? फॉर्मच्या रेकॉर्ड लॉक्स या सेटिंगला नो लॉक्स ठेवलं असेल तर नंतर सेव्ह करणाऱ्यासमोर राइट कॉन्फ्लिक्टची खिडकी येते, सेव्ह करायचं, क्लिपबोर्डवर ठेवायचं की आपले बदल सोडायचे. घाईतला माणूस पहिलंच बटण दाबतो आणि दुसऱ्याने टाकलेला गाडी नंबर पुसला जातो. म्हणून एलआरच्या फॉर्मला त्याच सेटिंगमध्ये एडिटेड रेकॉर्ड लावा, एकजण बदल करत असेल तर दुसरा थांबेल. आणि फॉर्म उघडताना सगळे एलआर ओढू नका, तारीख किंवा पार्टीवरून शोधून तेवढेच आणा, त्या फील्डना इंडेक्स (लवकर शोधायची सूची) करा, नाहीतर सगळं टेबल वायरवरून येतं आणि मग अ‍ॅक्सेस स्लो आहे म्हणून बोंब.

फ्रंट एंड बदलला की चार ठिकाणी पेनड्राइव्ह घेऊन फिरायची गरज नाही, तीन ओळींची बॅच फाइल (विंडोजला द्यायच्या आज्ञांची छोटी फाइल) करा, ती शेअरमधली नवी कॉपी सी ड्राइव्हवर आणून उघडते. डेस्कटॉपवर शॉर्टकट त्या बॅच फाइलचाच.

बॅकअप रोज, पण सगळे बाहेर पडल्यावर, म्हणजे लॉक फाइल दिसेनाशी झाली की मगच कॉपी, नावात तारीख टाकून. चालू बॅक एंड वनड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्सच्या फोल्डरमध्ये कधीच ठेवू नका, बंद फाइलची कॉपी तिथे टाकली तर चालेल. आठवड्याला एकदा कॉम्पॅक्ट अँड रिपेअर (फाइल आवळून दुरुस्त करणारी अ‍ॅक्सेसचीच सोय), तेही कॉपी काढल्यावरच.

फाइलची मर्यादा २ जीबी आहे, पण एलआरची स्कॅन केलेली चित्रं आत न कोंबता फोल्डरमध्ये ठेवून नुसता पाथ साठवलात तर अशा ऑफिसला ती बरीच वर्षं पुरते. उद्या भिवंडीच्या गोदामाला पण यातच काम करायचं असेल तर मात्र इंटरनेटवरून ही फाइल उघडायचा नाद करू नका, तेव्हा टेबलं एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेसमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्याच मुनीमवाल्या डेटाबेसमध्ये हलवा, ते फुकट आहे, एका डेटाबेसला २०२२ च्या आवृत्तीपर्यंत १० जीबी देत होतं, २०२५ च्या आवृत्तीत ५० जीबी देतं, आणि आत्ता बनवलेले फॉर्म थोड्या दुरुस्तीने त्यालाच लिंक करून चालतात.