पन्नास रुपये दंड आणि "निकामी" हा एक शब्द

आमच्या समोरच्या बिल्डिंगच्या टेरेसवर एक लॅब्राडॉर बांधलेली असायची, राणी. पिल्लू असताना हौसेनं आणली, मग घरभर केस होतात म्हणून वर नेऊन बांधली ती बांधलीच. टाकीच्या पाईपला दोन हात नायलॉनची दोरी, मग ऊन असो का पाऊस. मी दोनतीनदा जाऊन बोलले तर बाई म्हणाल्या, ताई एवढा पुळका आहे तर घेऊन जा, मी म्हटलं द्या, तर ते पण नाही! आमच्या ह्यांचं एकच, कशाला शेजाऱ्यांशी वाकडं घेतेस.

२०२४ च्या दिवाळीनंतर तिचं भुंकणं बंद झालं. गॅलरीतून झूम करून बघितलं तर दोरी मागच्या पायाला गुंडाळून मांसात रुतलेली. व्हिडिओ काढला आणि तशीच पोलीस स्टेशनला गेले.

ठाणे अंमलदार तसे चांगले वागले, चहा पण विचारला, पण हातात ठेवली एनसी. म्हणजे अदखलपात्र, कोर्टाच्या आदेशाशिवाय तपासच नाही. म्हणे प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात कलम ११ खाली खायला-प्यायला न देणं, आखूड दोरीनं बांधून ठेवणं हे सगळं गुन्हा आहेच की, पण पहिल्या वेळी दंड १० ते ५० रुपये. मला वाटलं मी ऐकण्यात चुकले. ५० रुपयांत आमच्याकडे कोपऱ्यावर दोन वडापाव पण नीट येत नाहीत. तीन वर्षांत परत केलं तर २५ ते १०० रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, म्हणजे मालकाला आधी एकदा शिक्षा झालेली पाहिजे.

तोवर प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेची मुलं येऊन राणीला घेऊन गेली. मालक म्हणाले न्या, बरी झाली की आणून सोडा (फुकटात ट्रीटमेंट, वा रे वा). जखमेत अळ्या पडल्या होत्या, पाय काढावाच लागला.

मग ओळखीच्या एका वकीलबाईंनी सांगितलं की भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ बघा, प्राण्याला ठार मारणं, विष देणं, अपंग करणं किंवा निकामी करणं, पाच वर्षांपर्यंत कैद आणि पोलीस थेट एफआयआर घेऊ शकतात. आधी भादंविमध्ये (जुन्या भारतीय दंड विधानात) कलम ४२९ होतं, त्यात जनावराच्या किमतीची पण भानगड होती, ती १ जुलै २०२४ पासून गेली. पण डॉक्टरांच्या सर्टिफिकेटवर नुसतं "जखम, उपचार केले" एवढंच होतं. मी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात तीन चकरा मारल्या, शेवटी डॉक्टरांनी सगळे फोटो बघून लिहून दिलं, दोरी बरेच दिवस रुतून राहिल्यामुळे मागचा उजवा पाय कायमचा निकामी. ह्या एका ओळीसाठी एवढं.

ते जोडून वरिष्ठ निरीक्षकांच्या नावानं लेखी अर्ज दिला. पोच घेतल्याशिवाय हलू नका, मी पहिल्यांदा तशीच आले आणि अर्ज गायब झाला. बाराव्या दिवशी एफआयआर झाली. मालकांचे वकील म्हणतायत मुद्दाम कुठे केलंय, दुर्लक्ष झालं. आता ह्यावर कोर्ट काय म्हणतं ते बघायचं.

आणि गंमत बघा, राणी आता मुद्देमाल, म्हणजे केसमधली जप्त वस्तू. मालकांनी ताबा मागितला, पण कोर्टानं अशा केसमधल्या प्राण्यांच्या देखभालीच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे केस चालेपर्यंत संस्थेकडेच ठेवली.

२०२२ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्रानं त्या १९६० च्या कायद्यातला दंड आणि कैद वाढवायचा मसुदा काढला होता, लोकांकडून सूचना पण मागवल्या होत्या. त्यानंतर माझ्या केसमध्ये १० ते ५० रुपयेच वाचून दाखवले गेले, त्यामुळे मी आमच्या खासदारांना राणीचे फोटो आणि त्या एनसीची झेरॉक्स पाठवलीय, आणि दर महिन्याला पाठवणार आहे.

पुढची तारीख महिनाअखेरीस आहे. रविवारी मी संस्थेत जाते, राणी तीन पायांवर धावत येते. दोरी दिसली की मात्र अजून कोपऱ्यात जाऊन बसते, म्हणून तिकडची मुलं कपडे वाळत घालायची दोरी पण तिच्यासमोर बांधत नाहीत.