जिन्यातले पाहुणे

पावसाळ्यात घोडबंदर रोडवरच्या आमच्यासारख्या सोसायट्यांत सकाळी जिना झाडला की केरात निम्मे पंखच निघतात. येऊरचा डोंगर पाठीशीच, त्यामुळे जिन्यातली ट्यूब म्हणजे जंगलाला उघड आमंत्रण. ओवळेकर वाडीत फुलपाखरं बघायला लोक रविवारची झोप मोडून जातात. घरी आलेल्या पतंगांना मात्र झाडू!

त्यातला माझा लाडका म्हणजे ओलेपा रिसिनी, टायगर मॉथच्या गोतावळ्यातला. भिंतीवर बसलेला असताना मळकट तपकिरी, अंगावर काळपट ठिपके, दुसऱ्यांदा कुणी बघणार नाही असा. पण काडीने जरा डिवचा. पुढचे पंख बाजूला सरकतात आणि खालचे लालभडक, काळ्या डागांचे पंख दिसतात. साध्या सुती साडीखाली भरजरी परकर नेसावा तसा थाट!

फाब्रिसिउस या डॅनिश कीटकशास्त्रज्ञाने १७७५ साली त्याचं नाव शास्त्रात नोंदवलं. तेव्हापासून त्याच्याबद्दल लिहिलं गेलं ते मुख्यतः कीड म्हणून: याचा केसाळ सुरवंट एरंड खातो, केळीची पानं खातो, त्यावर उपाय काय. गुन्ह्यांची नोंद चोख, बाकी चरित्र त्रोटक. त्यात याचे भाऊबंद इतके सारखे दिसतात, की खात्रीने ओळख पटवायला पोटाच्या टोकाचे अवयव भिंगाखाली तपासावे लागतात. फोटोवरून छातीठोक नाव सांगणाऱ्यांचा म्हणूनच मला हेवा वाटतो.

या गोतावळ्यातल्या कित्येकांची आणखी एक गंमत आहे. छातीच्या दोन्ही बाजूंना पातळ पापुद्रा असतो, तो आतबाहेर वाकवून ते टकटक आवाज काढतात. आपल्या कानांना तो ऐकू येत नाही, वटवाघळांना येतो. ‘मी कडू आहे, नादी लागू नकोस’ हा त्याचा सर्वसाधारण अर्थ. अमेरिकेतला बर्थोल्डिया ट्रायगोना त्याही पुढचा. तो इतकी टकटक करतो, की वटवाघळाला स्वतःच्याच आवाजाचा प्रतिध्वनी नीट लागत नाही आणि झडप हुकते. २००९ मध्ये प्रयोगांतून हे सिद्ध झालं.

पालीपुढे मात्र असली टकटक काय कामाची! आमच्या दुसऱ्या मजल्यावरची पाल पावसाळाभर ट्यूबमागे मुक्काम ठोकून असते आणि गणपतीपर्यंत चांगली गुटगुटीत होते.

परवाच्या मीटिंगमध्ये ‘फार घाण होते’ म्हणून जिन्यात पिवळे दिवे लावायचं ठरलं. पिवळ्या उजेडाकडे किडे कमी येतात, म्हणून मीही हात वर केला. पालीला कुणी विचारलं नाही.