दोन ट्रम्पेट, एक कागद : माझा अनुभव

बँडच्या कागदावरच्या सतराव्या बारनं (दोन उभ्या रेघांमधला खण म्हणजे बार) माझा अख्खा रविवार खाल्ला.

मामा पोलीस बँडमधून निवृत्त झाले. आता सांगलीत विश्रामबागजवळच्या एका शाळेत पोरांना बँड शिकवतात. पोरं आठ, कागद ठेवायचे स्टँड चार. २६ जानेवारीच्या संचलनाला दहा दिवस राहिले असताना हुकूम आला, "पहिला आणि दुसरा ट्रम्पेट एकाच पाच रेघांवर बसव. दोघं एका स्टँडवर वाचतील." मी म्हणालो, "मामा, पाच मिनिटांचं काम." हे बोलायला नको होतं.

म्यूझस्कोअर हे स्वरलिपी लिहायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि मार्च मी त्यात आधीच उतरवला होता. टूल्समध्ये इम्प्लोड आहे, ते दोन ओळी एकीत आणतं; तेच लागतं. वरच्या स्टाफचा (स्टाफ म्हणजे त्या पाच रेघा) पहिला बार निवडायचा, शिफ्ट धरून खालच्या स्टाफचा शेवटचा बार निवडायचा, मग इम्प्लोड. पहिल्याच्या नोटांच्या दांड्या वर, दुसऱ्याच्या खाली. नोट निवडली की पहिला व्हॉइस, म्हणजे पहिल्याच्या नोटा, निळा दिसतो, दुसरा हिरवा.

पण कागद दिसायला बाभळीची फांदी. जिथं तिथं दोन दांड्या, रिकाम्या बारमध्येही रेस्टवर (थांबायच्या खुणेवर) रेस्ट. मग मी शहाणपणा केला. तो एकच स्टाफ निवडून पुन्हा इम्प्लोड मारलं. एकाच लयीतल्या नोटा कॉर्ड झाल्या, म्हणजे एकावर एक बसल्या, एक दांडी, पान स्वच्छ. फाइल सेव्ह करून बंद केली, झेरॉक्स काढल्या, मामांच्या हातात दिल्या. छाती फुगलेली.

तालमीत १७ ते २० बारमध्ये सगळं फिसकटलं. दुसऱ्या ट्रम्पेटवरची पोरगी दमाची, म्हणून मामांनी तिथं मुद्दाम तिला वर नेलं होतं आणि चाल पहिल्याकडं खाली ठेवली होती. कॉर्डमध्ये हे कुठं कळणार? दांडी एकच. पहिल्यानं सवयीनं वरची नोट धरली आणि त्याचा आवाज फाटला. चाल पोरीकडं गेली. मामांनी डोळे मिटले. "अरे, चाल कुणाकडं दिलीस?"

घरी येऊन दोन तास सेटिंग शोधत बसलो. सापडणार काय? सॉफ्टवेअरनं मी सांगितलं तेवढंच केलं होतं. जुनी प्रत ठेवली नव्हती, त्यामुळं दुसरा ट्रम्पेट मामांच्या वहीतून पुन्हा भरला. इम्प्लोडच्या आधी 'सेव्ह ॲज' करा, हे खरं तर वरच लिहायला हवं होतं.

या खेपेला बार-बार बघून ठरवलं. दोघं बरोबर चालतात आणि दुसरा पहिल्याच्या वर जात नाही, तिथं कॉर्ड. १७ ते २० दोन व्हॉइस, दांड्या वेगळ्या. सुरुवातीला एकटा पहिलाच वाजवतो, तिथं कंट्रोल-टी दाबून १ आकडा. दोघांची नोट एकच असेल तिथं 'आ दुए', म्हणजे दोघं मिळून. नाहीतर एक पोरगं गप्प बसतं. दुसऱ्या व्हॉइसचे जादा रेस्ट निवडून डिलीट होतात. पहिल्याचे होत नाहीत, ते व्ही दाबून लपवायचे. पण दुसरा एकटाच थांबलेला असेल तर त्याचा रेस्ट राहू द्या.

डोरिको या विकतच्या सॉफ्टवेअरच्या प्रो आवृत्तीत २०१९ पासून ही जुळणी बरीचशी आपोआप होते म्हणे. तेवढ्या पैशात चार स्टँड येऊन वर पैसे उरले असते.

मामांना त्याच कागदावर आल्टो हॉर्नही हवा होता. त्याला मी साफ नाही म्हणालो. ट्रम्पेट बी-फ्लॅट सुरातला, हॉर्न ई-फ्लॅट सुरातला. एकच लिहिलेली नोट दोघांतून वेगळी निघते.

पुढच्या तालमीला नवा कागद घेऊन गेलो, तर १७वा बार नीट वाजत होता. जुन्याच झेरॉक्सवर त्या पोरीनं पेन्सिलनं बाण काढून लिहिलं होतं, 'वरचं माझं'. मामा म्हणाले, "राहू दे, हाच चालेल."