स्क्रूड्रायव्हर आरपार

बाबांची टाटा इस्टेट गाडी सहा वर्षं सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागून उभी होती. १९९३ची, एमएच १२. २०२३च्या जूनमध्ये मागच्या चाकावरची कमान सहज बोटाने दाबली, तर पत्रा पापडासारखा मोडून हातात आला. नोंदणीची मुदत ऑक्टोबरात संपत होती. ठेवायची की भंगारात द्यायची, हे ठरवायला जुन्या गाड्यांचे तीन वेडे मित्र एका रविवारी जमले.

एक म्हणाला, "टेल्कोनं, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सनं, १९९२ साली आणलेली, आपल्या पुण्याची गाडी. तोंड टाटा सिएराचं, मागं एवढी डिकी. अशा उरल्यात किती?" दुसरा व्यवहारी. "इंजिनाचं सोड. ते १९४८ सीसीचं डिझेल सुमोलाही होतं, सामान मिळेल. मागच्या दाराची काच फुटली तर कुठून आणशील?" सगळे गप्प. तिसऱ्याने 'डिझेल दहा वर्षांनी बंदच ना' असा खडा टाकला. तो नियम दिल्ली नि आसपासचा, आपल्याकडचा नाही, हे त्याच्या गळी उतरवण्यात अर्धा तास गेला. 'वाचवच' म्हणणारा पैशाचं मात्र काही बोलत नव्हता. आई गॅलरीतून म्हणाली, "काय ते करा, पण ती जागा मोकळी करा."

निकाल लागला तो गॅरेजात. मिस्त्री मोठा स्क्रूड्रायव्हर घेऊन गाडीखाली शिरले आणि एकेक जागा टोचत गेले. दाराखालचा पत्रा, आरपार. ड्रायव्हरच्या पायाखालचा, तोही आरपार. वर मॅट होती म्हणून इतकी वर्षं कळलं नाही. मग हातोडीने चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, ठोकून पाहिली. टण्ण, टण्ण. एकदाही बद्द आवाज नाही.

"साहेब, चासी पिकअपची आहे, ठणठणीत. वरचा पत्रा कापून नवा जोडता येतो. चासीच कुजली असती तर मीच भंगारवाल्याला बोलावलं असतं."

आम्हा चौघा शहाण्यांपैकी एकानेही गाडीखाली वाकून पाहिलं नव्हतं!

चाळीस हजार सांगितले होते, पंच्याऐंशी लागले. (असंच होतं.) मग आरटीओ. नोंदणी नूतनीकरणाचा फॉर्म २५, विमा, पीयूसी, पर्यावरण कर आणि तेव्हाची फी ५,०००. २०२२च्या एप्रिलपूर्वी हीच फी ६०० होती. तपासणीला चासी नंबरच दिसेना. पेंटरने गंज लागू नये म्हणून त्यावरही काळा थर चढवलेला. भर उन्हात रॉकेलचा बोळा आणि पॉलिश पेपर घेऊन मी आडवा झालो. शेवटचा आकडा तीन की आठ, यावर इन्स्पेक्टरसाहेब अडले. कागद धरून पेन्सिल घासली, तेव्हा तीन उमटला.

आरसी २०२८पर्यंत झाली. गाडी पुन्हा त्याच भिंतीपाशी उभी आहे, आईचा अबोला दोन दिवस टिकला. परवा रात्री व्यवहारी मित्राने फोटो पाठवला: कुठल्याशा भंगाराच्या दुकानात भिंतीला टेकवलेली, धुळीने माखलेली इस्टेटची मागची काच. खाली लिहिलं होतं, "तडा नाही. घासाघीस चालू आहे, तू मध्ये बोलू नकोस."