मी तोंडाला काय लावते?

"कितें लायता गो तोंडाक?" हा प्रश्न मला दोन तऱ्हांनी येतो. गालावरचे डाग गडद दिसत असले की त्यात "काहीतरी लाव बाई" असं असतं. फिके दिसले की "आम्हालाही नाव सांग" असं असतं. शाळेच्या स्टाफरूममध्ये, भजनाला बसल्यावर, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिरच्या निवडतानासुद्धा. मी आजवर "काही नाही" म्हणून विषय बदलत आले. मी बरंच काही लावते. पण नाव सांगत नाही, आणि त्यावरून मी आतल्या गाठीची ठरले आहे. इतक्या जणींनी विचारलंत म्हणून आता सगळंच लिहिते.

माझ्या तोंडावर आहेत ते वांग. दुसऱ्या गरोदरपणात आले, दोन्ही गालांच्या हाडांवर आणि वरच्या ओठावर. आईलाही होते. "बाळंतपणानंतर जातील" असं सगळ्यांनी सांगितलं, काहीजणींचे जातातही. माझे राहिले. घरात वांग असले, संप्रेरकांची उलथापालथ झाली आणि वर ऊन मिळालं की ते असेच चिवट होतात. गर्भनिरोधक गोळ्यांनीही काहींना येतात. पोट साफ नसल्यामुळे, रक्त खराब झाल्यामुळे, चहा जास्त प्यायल्यामुळे माझे आलेले नाहीत. हे मी किती जणींना समजावलं असेल आणि किती जणींनी त्यानंतरही मला चहा सोडायला सांगितला असेल!

कातडीच्या वरच्या थराच्या तळाशी रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. त्या तो रंग, म्हणजे मेलॅनिन, शेजारच्या पेशींना वाटतात, आणि त्या पेशी तो आपल्या गाभ्यावर छत्रीसारखा धरतात, उन्हानं आतला गाभा बिघडू नये म्हणून. वांगात रंग बनवणाऱ्या या पेशी जरा कशाने डिवचल्या की भरमसाट रंग काढतात. क्रीमनं डाग उतरतात, पण पेशींचा तो स्वभाव जात नाही. म्हणून माझे वांग पावसाळ्यानंतर फिके होतात आणि चैत्रात परत येतात.

आणि माझं ऊन कसं आहे ते बघा. राहते म्हापशाला, शाळा डिचोलीला. सकाळी स्कूटरनं अस्नोड्यावरून पूर्वेला जाताना सूर्य समोर, शाळा सुटून परतताना तो पश्चिमेला कललेला, म्हणजे पुन्हा समोर. एप्रिलच्या अखेरीला आणि मेच्या सुरुवातीला तर दुपारचा सूर्य गोव्याच्या अगदी माथ्यावर असतो. "मग बसनं जा, खिडकीची काच असते" असा सल्ला मिळतो. साध्या काचेतून उन्हाचा भाजणारा भाग अडतो, पण अतिनील किरणांतला लांब लहरींचा भाग आत येतो, आणि तो रंग वाढवायला पुरतो. ढगांतूनही येतो. एवढंच नाही, डोळ्यांना दिसणारा साधा प्रकाशसुद्धा आमच्यासारख्या सावळ्या कातडीवरचे वांग गडद करतो.

एवढं सगळं सांगूनही शेवटी "ते खरं, पण नाव सांग" हेच येतं.

नाव न सांगण्याचं कारण असं की काळा डाग म्हणजे एकच गोष्ट नव्हे. आमच्या शाळेतल्या एका मुलाची मान काळी पडली होती, मखमलीसारखी जाडसर. मुलं त्याला घाणेरडा म्हणत. त्याची आई रोज लिंबाची फोड आणि काथ्या घेऊन मान घासायची, मान सोलवटायची. मी तिला डॉक्टरकडे पाठवलं. तो मळ नव्हताच. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की मान आणि काखा अशा काळ्या पडतात, आणि पुढे मधुमेह होण्याची ती आगाऊ खूण असते. 2023 मध्ये आलेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं सर्वांत जास्त प्रमाण आपल्या गोव्यात निघालं, 26.4 टक्के. अशा मानेला माझं क्रीम काय करणार? आणि लिंबाबद्दल सांगायचं तर, लिंबाचा रस कातडीवर राहिला आणि वर ऊन लागलं तर फोड येतात आणि मागे महिनोन्‌महिने टिकणारा काळा डाग राहतो. ज्याला उपाय म्हणून फासता, तोच हे करतो.

आता माझ्या भाचीबद्दल. तिला विचारून लिहिते आहे.

माझी बहीण सत्तरी तालुक्यात दिलेली. घरच्या काजू आहेत. एप्रिलमध्ये अंगणात बिया भाजताना टरफलातलं तेल उडालं आणि भाचीच्या डाव्या गालावर आणि हनुवटीवर पडलं. बिब्बा उततो तसंच हेही उततं, दोन्ही झाडं एकाच कुळातली. फोड आले, खपल्या धरल्या, पडल्या, आणि खाली तपकिरी काळे डाग राहिले. भाजल्यावर किंवा मुरूम बसल्यावर जे डाग राहतात त्याच जातीचे. खपली खरवडली नाही आणि ऊन टाळलं तर असे डाग बहुतेकदा काही महिन्यांत स्वतःहून निवळतात. हे मी तिला सांगितलं होतं. "थांब, जातील."

पण लग्न मार्गशीर्षात ठरलेलं होतं आणि साखरपुडा जूनमध्ये. घरी येणारा प्रत्येक माणूस आधी तिच्या गालाकडे बघायचा आणि मग तिच्या आईकडे. "आता ह्या दिवसांतच व्हायचं होतं का गो?" बहिणीला झोप लागेना. शेवटी भाची औषधाच्या दुकानात गेली, गाल दाखवला, आणि दुकानदारानं एक ट्यूब काढून दिली. चिठ्ठी मागितली नाही. तिनं ते डागांवरच नाही तर सगळ्या तोंडाला लावलं, कारण फक्त डाग उजळले तर ठिपके दिसतील असं तिला वाटलं.

साखरपुड्याला ती अशी उजळली होती की मीही चकित झाले. सगळ्याजणी तिच्याभोवती. "काय लावलंस?" तिनं नाव सांगितलं, माझ्यासारखं लपवलं नाही. तिच्या दोन चुलत बहिणींनी तीच ट्यूब आणली.

दिवाळीनंतर ती म्हापशाला माझ्याकडे आली ती ओढणी तोंडाभोवती गुंडाळून. ओढणी सोडली तेव्हा मी काही बोलू शकले नाही. गाल लालबुंद, बारीक फोडांनी भरलेले, कानशिलाजवळ लव वाढलेली, नाकाच्या बाजूला लाल शिरांचं जाळं. चुलीपुढे उभं राहवत नव्हतं. "मावशी, एक दिवस नाही लावलं तर तोंड पेटतं. लावलं की शांत होतं."

मी तिला सरकारी इस्पितळात त्वचेच्या ओपीडीत घेऊन गेले. डॉक्टरबाईंनी आधी ट्यूब मागितली. टोकापर्यंत पिळून गुंडाळलेली ट्यूब भाचीनं पर्समधून काढली. बाईंनी ती उलगडून बारीक अक्षरं वाचली: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. तिसरं ते स्टेरॉइड, सूज आणि लाली दाबणारं औषध. वर उभी लाल रेघही होती, म्हणजे हे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नाही. त्वचेला लावायच्या 14 स्टेरॉइडांवरची सूट काढून ती चिठ्ठीच्या औषधांत घालण्याचा निर्णय सरकारनं 2018 मध्येच घेतला. कायदा कागदावर आहे. आमच्या मुलीला ट्यूब गल्ल्यावरून मिळाली.

बाई म्हणाल्या, "वांगासाठी स्टेरॉइड असलेलं मिश्र क्रीम मीही देते. पण सौम्य स्टेरॉइडचं, मोजके आठवडे, फक्त रात्री, आणि मधे बोलावून तोंड बघते. तू महिनोन्‌महिने चोळलंस. कातडी पातळ झाली आहे आणि तिला आता स्टेरॉइडची सवय लागली आहे." सोडताना आग होणारच होती. एकदम न तोडता सौम्य औषधावर आणून हळूहळू सोडवायचं होतं आणि पूर्ववत व्हायला बरेच महिने लागणार होते.

भाचीनं एवढंच विचारलं, "लग्नापर्यंत लावू? मग सोडते."

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. "लावलंस तर लग्नात कदाचित बरी दिसशील. पुढचं मात्र जास्त कठीण जाईल," असं म्हणून त्यांनी निर्णय तिच्यावर सोडला. परतताना बसमध्ये ती एक शब्द बोलली नाही. म्हापशाच्या स्टँडवर उतरल्यावर म्हणाली, "आतापासूनच सोडते."

लग्नात तिचं तोंड सुजल्यासारखं लाल होतं. पार्लरवालीनं त्यावर थर चढवला आणि खालून आग होऊन तिच्या डोळ्यांतून पाणी येत राहिलं. मुहूर्ताआधी खोलीचं दार लावून मी तिच्या गालावर गार पाण्याच्या पट्ट्या ठेवत होते आणि बाहेरून बायका विचारत होत्या, नवरीला काय झालं. नवऱ्या मुलाला तिनं आधीच सगळं सांगितलं होतं, तो खंबीर राहिला. माझी बहीण मात्र माझ्यावर तुटून पडली. "तू स्वतः काहीतरी लावतेस, तुझे डाग फिके होतात ते आम्हाला दिसतं. आणि माझ्या पोरीला सांगितलंस थांब म्हणून. तुझं लग्न केव्हाच झालंय, तुला थांब सांगायला काय जातं?"

त्या वाक्याला माझ्याकडे अजून पुरतं उत्तर नाही. तेव्हा मी उलटून बोलले की मी थांब सांगितलं ते बरोबरच होतं, आणि ते होतंच. माझं औषध तिच्या डागांना लागणारं नव्हतं, हेही खरं. पण बहिणीचं म्हणणं औषधाबद्दल नव्हतं. ती म्हणत होती की तुझ्याकडे काहीतरी आहे आणि तू आम्हाला रिकाम्या हातानं पाठवलंस, म्हणून पोर दुकानात गेली. मी नाव सांगितलं असतं तर ती दुकानात गेली नसती का? की माझं क्रीम आणि ती ट्यूब दोन्ही लावली असती? कधी मला एक वाटतं, कधी दुसरं. बहिणीशी बोलणं पूर्वीसारखं झालं आहे, पण हा विषय आम्ही काढत नाही.

भाचीचं तोंड आता निवलं आहे. शिरा थोड्या दिसतात. काजूच्या तेलाचे डाग केव्हा गेले ते कोणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

तर मी काय लावते. कंपनीचं नाव आजही सांगणार नाही, आत काय आहे ते सांगते. सकाळी एसपीएफ 50 चं सनस्क्रीन, पण कातडीच्या रंगाचं, ज्यात आयर्न ऑक्साइड असतं, कारण दिसणारा प्रकाश तोच अडवतो, पांढरं सनस्क्रीन तितकं अडवत नाही. चेहरा आणि मानेला मिळून दोन बोटांच्या लांबीइतकं. वाटाण्याएवढं लावून "मला गुण आला नाही" म्हणू नका. मधल्या सुट्टीत पुन्हा. डोक्यावर हेल्मेट, त्याखाली सुती स्कार्फ. रात्री डॉक्टरांनी लिहून दिलेलं अझेलिक अ‍ॅसिड, जे महिनोन्‌महिने लावल्यावर कुठे फरक दिसतो. मधे काही आठवडे ते सौम्य स्टेरॉइडचं मिश्र क्रीम, म्हणजे तीन औषधांचं तिहेरी क्रीमही लावलं, बाईंच्या नजरेखाली, आणि त्यांनी थांब म्हटल्यावर थांबले. हायड्रोक्विनोन वर्षानुवर्षं लावलं तर उलट निळसर काळे डाग पडू शकतात, तेही कायमचे. गरोदर बाईनं तर हे तिहेरी क्रीम लावायचंच नाही. तुमचे डाग कुठले, ते कुणीतरी जाणत्यानं आधी बघायला हवं. आणि जाताना सध्या लावत असलेली प्रत्येक ट्यूब, रिकामी असली तरी, सोबत न्या.

राहता राहिलं "असू दे गो, रंगात काय आहे" म्हणणाऱ्यांचं. पूर्वी मीच हे म्हणायचे, वर्गातल्या मोठ्या मुलींना तर भाषण दिल्यासारखं सांगायचे. त्या काळातल्या माझ्याशी मी आजही भांडते. तिचं म्हणणं चूक नाही. गोरेपणाच्या हव्यासानं आमच्या घरात काय केलं ते मी पाहिलं आहे. पण सनस्क्रीनला मी पगारातले पैसे मोजते, स्कूटरच्या आरशात गाल बघते, आणि डाग फिके असले की त्या दिवशी वर्गात माझा आवाज जास्त मोकळा निघतो. हे मला त्या मुलींपासून लपवायचं नाही. सावळा रंग मला कधी खुपला नाही, हे वांग खुपतात. या दोहोंत फरक आहे असं मी मानते. बहीण म्हणते, काही फरक नाही.

बाईंनी आता ट्रानेक्सामिक अ‍ॅसिडच्या गोळ्यांबद्दल सांगितलं आहे. त्या मुळात रक्तस्राव थांबवायच्या, पण कमी मात्रेत वांग उतरवतात. रक्ताच्या गुठळ्यांचा धोका असेल तर देत नाहीत, म्हणून माहेरच्या आजारांची चौकशी आधी करायला सांगितली आहे. बंद केल्यावर वांग परत येऊ शकतात, तेही सांगितलं. काकांच्या पायात गुठळी झाली होती असं आई म्हणते, चुलत भाऊ म्हणतो ती नुसती सूज होती. काकांचे जुने कागद मागवले आहेत. गोळ्या घ्यायच्या की नाही ते मी अजून ठरवलेलं नाही.